‘कॅव्हलियर’ म्हणजे बाणेदार नव्हे

मंडळी, आजची पोस्ट लांबलचक आहे आणि तिच्यात एक कबुलीही आहे. भोर-वेल्ह्याच्या बातम्या वाचायला येणाऱ्यांना वाटेल, हा माणूस आज इंग्रजी शब्दांच्या नादाला का लागला. शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

वीसेक वर्षांपूर्वी मी नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून तालुक्याच्या बातम्या पाठवायला लागलो होतो. पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर. बातमी फॅक्सनं जायची, मानधन कॉलमच्या सेंटिमीटरवर मिळायचं. एक दिवस एका वकिलाकडचा कारकून निकालाची इंग्रजी प्रत घेऊन एस. टी. स्टँडवर भेटला. आमच्याच खोऱ्यातल्या धरणग्रस्तांचं प्रकरण होतं. पर्यायी जमिनीसाठी केलेले अर्ज एका कार्यालयानं वर्षानुवर्षं कसे हाताळले, यावर कोर्टानं चांगलं पानभर लिहिलं होतं. त्यात एक शब्द होता, ‘कॅव्हलियर’. अर्ज ‘कॅव्हलियर’ पद्धतीनं हाताळले गेले, असं वाक्य.

खिशात मावणारी एक डिक्शनरी तेव्हा माझ्याकडे असायची. तिच्यात पहिला अर्थ होता घोडेस्वार, सरदार, बाणेदार पुरुष. पुढचे अर्थ वाचायला मी थांबलो नाही, कारण फॅक्सचं दुकान सातला बंद व्हायचं. मी लिहिलं, ‘अधिकाऱ्यांनी अर्ज बाणेदारपणे हाताळल्याचे न्यायालयाचे निरीक्षण’. डेस्कवर कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं छापून आलं, मथळ्यात.

ज्या कार्यालयाला कोर्टानं झोडपलं होतं, तिथल्याच भिंतीवर माझ्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं पुढच्या आठवड्यात मी स्वतः पाहिलं. मग ‘कॅव्हलियर’चे उरलेले अर्थ वाचले. कुणाला काही महत्त्वाचं आहे हे ठाऊक असूनही त्याला किरकोळीत काढणारा, समोरच्याला मोजत नसल्यासारखा वागणारा. म्हणजे कोर्टानं शिवी दिली होती आणि मी तिची शाबासकी करून टाकली होती.

या शब्दानं तेव्हापासून माझा पिच्छा सोडलेला नाही. एक आणि तोच शब्द घोडेस्वार, सरदार आणि बेपर्वा असा तिन्ही कसा काय असतो? पुढं वाचत गेलो तसा तो शब्द मला फिरून फिरून आपल्याच डोंगरात आणून सोडायला लागला. ती हकीकत सांगतो.

शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘कॅबॅलस’मध्ये आहे. म्हणजे साधं घोडं, तट्टू म्हणा. त्यावरून इटलीत, फ्रान्समध्ये, स्पेनमध्ये घोडेस्वाराला आणि पुढं सरदाराला शब्द तयार झाले. फ्रेंचांच्या ‘शेव्हॅलिये’पासून इंग्रजीत ‘शिव्हल्री’ आली, म्हणजे स्त्रिया-दुबळ्यांशी अदबीनं वागणारं शौर्य. त्याच घोड्यापासून ‘कॅव्हलियर’ही आला. एका घोड्याची दोन शिंगरं, एक अदबीचं आणि एक बेअदबीचं.

ही बेअदबी शब्दाला चिकटली ती सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीत. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ मध्ये युद्ध पेटलं. राजाच्या बाजूच्या लोकांना पार्लमेंटवाले हिणवून ‘कॅव्हलियर’ म्हणायला लागले. त्यामागं स्पेनचे ‘काबायेरो’, प्रॉटेस्टंटांना छळणारे घोडेस्वार, ही आठवण होती. मतलब असा की हे आपले इंग्रज नव्हेतच, हे घोड्यावर बसून रयतेला तुडवणारे. उलट राजाचे लोक पार्लमेंटवाल्यांना ‘राउंडहेड’ म्हणायचे, कारण त्यांच्यातल्या अनेकांचे केस अगदी बारीक कापलेले असत. आपल्याकडे निवडणुकीत एकमेकांना जी नावं ठेवतात, तसाच प्रकार.

आणि या स्वारांनी शिवी खरी करून दाखवली. राजाचा पुतण्या नव्हे, भाचा, प्रिन्स रुपर्ट, घोडदळाचा मोहरा होता. वय तेविसाच्या आत. १६४२ च्या ऑक्टोबरात एजहिलच्या लढाईत त्याच्या स्वारांनी समोरचं घोडदळ उधळून लावलं आणि त्याच धुंदीत ते मैलभर पुढं दौडत गेले, शत्रूचं सामान लुटायला. मागं राजाचं पायदळ उघडं पडलं. ते परत येईपर्यंत अंधारायला आलं होतं आणि लढाई अर्धवटच सुटली. जून १६४५ ला नेझबीत पुन्हा तेच. पाठलाग करत रुपर्ट पार्लमेंटच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेला, आणि मागं क्रॉमवेलनं आपले स्वार आवरून धरून राजाच्या पायदळाला घेरलं. राजाचं राज्य त्या दुपारी संपल्यातच जमा झालं. क्रॉमवेलचे स्वारही घोड्यावरच होते बरं का. फरक इतकाच की ते हाकेला थांबायचे.

१६४५ हा आकडा भोरकरांच्या कानाला ओळखीचा वाटला असेल. आपल्या रायरेश्वराच्या पठारावर त्या देवळात स्वराज्याची शपथ झाली, ती परंपरेनं याच वर्षातली मानतात. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाच्या आत तोरणा हाती आला. तिकडं चार्ल्स राजा १६४६ च्या मेमध्ये स्कॉट लोकांच्या स्वाधीन झाला आणि ३० जानेवारी १६४९ ला लंडनमध्ये त्याचं शीर उडवलं गेलं. इकडं त्याच वर्षांत मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला जात होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ‘इतिहास’ म्हटलं की शाळेत एक धडा इंग्लंडचा आणि एक आपला असा वेगवेगळा घोकलेला असतो, म्हणून दोन्हीकडची घड्याळं शेजारी ठेवून बघायला मला बरं वाटतं.

आता घोड्याची गंमत बघा. बारा मावळातला माणूस मुळात घोडेस्वार नव्हेच. हिरडस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं, मोसे खोरं ही नावं ज्यांनी पायी तुडवलीत त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात जिथं बैलाचा पाय ठरत नाही तिथं घोडं काय करणार? जेधे, बांदल, पासलकर, कंक, सिलिमकर यांच्याबरोबर जी माणसं स्वराज्यात उतरली त्यांची खरी ताकद पायांत होती. मावळा म्हणजे पायदळ. घोडदळ वाढलं ते राज्य घाटावर आणि मुलखाबाहेर पसरायला लागल्यावर.

१६६० साल घ्या. मे महिन्याच्या अखेरीला चार्ल्सचा मुलगा, दुसरा चार्ल्स, लंडनमध्ये परत आला, राजा झाला आणि कॅव्हलियर मंडळींचे दिवस फिरले. पुढच्या वर्षी जे पार्लमेंट निवडून आलं त्याला ‘कॅव्हलियर पार्लमेंट’ हेच नाव पडलं. म्हणजे वीस वर्षांपूर्वीची शिवी आता पदवीसारखी मिरवायला लागली. आणि त्याच १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाताना बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे ज्या खिंडीत उभे राहिले तिचं तेव्हाचं नाव होतं घोडखिंड. पाठीवर सिद्दी मसूद. बाजीप्रभू आपल्या भोर तालुक्यातल्या शिंदचे, बांदल हिरडस मावळचे. त्या पायी लढलेल्या माणसांमुळं खिंडीतलं ‘घोड’ गेलं आणि ‘पावन’ आलं.

पन्हाळ्याच्या त्या वेढ्यात इंग्रजही होते. राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरला तोफा आणि दारूगोळा घेऊन मदतीला गेला होता, तेही आपलं निशाण लावून. त्याची किंमत वखारीनं १६६१ मध्ये मोजली. या वखारवाल्यांच्या पत्रांत महाराजांना ‘रिबेल’, म्हणजे बंडखोर, म्हटलेलं सर्रास सापडतं. ज्यांनी अकरा-बारा वर्षांपूर्वी स्वतःच्या राजाचं डोकं उडवलं त्यांनी दुसऱ्याला बंडखोर म्हणावं, हे वाचताना मला दरवेळी हसू येतं. चौदा वर्षांनी, ६ जून १६७४ ला, त्याच कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता.

आणखी एक उदाहरण, ‘कॅव्हलियर’ या शब्दाचा अर्थ एका व्यवहारात दाखवणारं. दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई आंदणात मिळाली. त्याला तिचं काय करावं कळेना. खर्चच जास्त. शेवटी १६६८ मध्ये त्यानं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. तिथं राहणाऱ्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, कुणालाही विचारायचा प्रश्नच नव्हता. हा राजा तसा मनमोकळा, हसतमुख, लहान जातीची कुत्री बाळगण्याचा त्याला भारी नाद. त्याच्या नावानं एक जातच आहे, कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. आपल्याकडं धरणाकडेच्या फार्महाऊसांवर शनिवार-रविवारी गाडीच्या खिडकीतून लांब कानांचं जे गोजिरवाणं कुत्रं डोकावतं, त्यातलं एखादं या जातीचं असू शकतं. हेही एक स्वराज्यात आलेलं शाही घराणंच म्हणायचं.

शिवीचं बिरूद होणं हे काही इंग्रजांपुरतं नाही. ‘गनीम’ या अरबी शब्दाचा अर्थ शत्रू, लुटारू. मोगलांचे लेखक मराठ्यांसाठी तो शब्द वापरायचे. आज ‘गनिमी कावा’ म्हटलं की आपली मान ताठ होते. उलटा प्रवासही आहे. ‘बारगीर’ हा आपल्याकडं साधा लष्करी हुद्दा. ज्याला घोडं आणि हत्यार सरकारातून मिळतं तो बारगीर, ज्याचं स्वतःचं असतं तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, ही उतरंड सभासदानं लिहून ठेवलीय. पण १७४२ पासून नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांबरोबर बंगालवर चालून जायला लागल्या, तेव्हा त्या स्वारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली. कलकत्त्याच्या लोकांनी तर धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला, ‘मराठा डिच’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. १७५१ मध्ये चौथाईचा तह झाला तेव्हा कुठं ते थांबलं. तिकडं ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला आणि आजही बंगाली आया मुलांना निजवताना त्या बर्गीचं भय घालतात. तिथल्या माणसाला ‘मी मराठा’ म्हणून सांगायला गेलात तर इतिहास असा अंगाईतून भेटतो. हे आपल्याला आवडो न आवडो, घडलेलं आहे. घोड्यावरच्या माणसाला खालची माणसं कशी दिसतात हे शब्दाला बरोब्बर कळतं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. घोड्यावरचा माणूस बेपर्वा होणार, हे ज्याला आधीच कळलं होतं अशा राजाचं एक पत्र आपल्याकडं आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे महाराजांचं घोडदळ चिपळूणजवळ छावणीला होतं. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी पत्र पाठवलं. ‘भाजीच्या देठालाही हात लावू नका’ असं त्याचं सार आपण भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मी ते पत्र सावकाश वाचायला लागलो ते या एका इंग्रजी शब्दामुळं.

त्यात उपदेश फार थोडा आहे, हिशोब जास्त आहे. दाणागोटा आणि गवत मोठ्या कष्टानं जमवलंय. पावसाळ्याला पुरेल असं ते बेतानं वापरा. आत्ता आहे म्हणून उधळलंत तर पावसात मिळायचं नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मराठीत आपण ‘मी काय तुझं घोडं मारलंय?’ म्हणतो ना, इथं खरोखरचं घोडं आहे. मग पुढची पायरी. घोड्यांना नाही म्हटल्यावर तुम्ही गावात शिरणार. कुणी कुणब्याचे दाणे उचलणार, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी जळण, कुणी भाजी. मग जी गरीब माणसं कशीबशी तग धरून राहिलीत ती गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. तेव्हा ज्याला जे हवं त्यानं बाजारात जाऊन विकत घ्यावं.

हे एवढ्यावर थांबत नाही. पुढं विस्तव आणि दिव्याबद्दल लिहिलंय. कुणी गवताच्या जवळ चूल मांडेल, कुणी चिलमीला विस्तव आणेल, कुणी रात्री दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. गवताला लागलं की सगळी गंज भस्म, मग पागा बुडालीच. त्यानंतर कुणब्यांची डोकी मारली, कारकुनांना ताकीद केली तरी गवताची काडी मिळायची नाही.

राज्याभिषेकाच्या धामधुमीतला राजा उंदरानं ओढून नेलेल्या वातीचा विचार करतोय. माझ्या मते ‘कॅव्हलियर’ या शब्दाचा मराठीतला सगळ्यात चांगला विरुद्धार्थ हे अख्खं पत्र आहे. रुपर्टच्या स्वारांना असं कुणी लिहिलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर नेझबीची दुपार वेगळी गेली असती की नाही कोण जाणे. दुसरी बाजूही सांगायला हवी. असं पत्र लिहायची वेळ आली याचाच अर्थ स्वार तसं वागत होते, किंवा वागतील असा अंदाज होता. स्वराज्यातला म्हणून घोड्यावरचा माणूस आपोआप सुधारत नाही. सत्तर वर्षांनी बंगालमध्ये ते दिसलंच.

आता मराठी शब्दाचं काय करायचं? बेपर्वा, बेफिकीर, बेदरकार हे तिन्ही फारसीतून आलेले, तिन्हींत ‘बे’ म्हणजे ‘शिवाय’. पर्वा नाही, फिकीर नाही, दरकार नाही. आपले घरचे म्हणावेत असे हयगय, हेळसांड, चालढकल. ‘हयगय’ हा शब्द जुन्या हुकूमनाम्यांत पावलोपावली येतो, हयगय करू नये म्हणून. त्यातला ‘हय’ म्हणजे घोडा असं जोडून देण्याचा मला फार मोह झाला होता, पोस्टला छान शोभलं असतं. पण उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती ठोकून द्यायची नसते. एकदा डिक्शनरीनं पोळलोय, तेव्हा जाऊ द्या.

पण या शब्दांतला एकही ‘कॅव्हलियर’ला पुरता बसत नाही. निष्काळजी माणूस विसरतो. हलगर्जी माणूस आळस करतो. कॅव्हलियर माणूस विसरतही नाही आणि आळशीही नसतो. तो तुमचं ऐकून घेतो, हसतो, एखादा विनोदही करतो, आणि तुमचा कागद बाजूला सारतो. त्याच्या लेखी तुमचं काम हे कामच नसतं. आपल्या बोलीत याला सरळ एक शब्द नाही, पण क्रियापदं भरपूर आहेत. ‘उडवून लावलं’, ‘किरकोळीत काढलं’, ‘वाऱ्यावर सोडलं’. माझी आई म्हणायची, ‘वरनं बोलला’. वरनं म्हणजे घोड्यावरनं, असं मी आता मनात म्हणतो. आज जर तो निकाल माझ्याकडं आला तर मी लिहीन, ‘अर्जदारांना किंमत न देता अर्ज उडवून लावले’. बाणेदारपणे नव्हे.

भोर-वेल्ह्यात या क्रियापदांचा अनुभव घ्यायला लांब जावं लागत नाही. नीरेच्या कालव्यांसाठी इंग्रजांच्या काळात वेळवंडी नदीवर भाटघरला धरण झालं. आधीच्या तलावाला व्हायटिंगसाहेबाचं नाव आणि १९२० च्या दशकात झालेल्या मोठ्या धरणाला गव्हर्नर लॉइडचं. पाणी खाली गेलं, ऊस खाली पिकला. स्वातंत्र्यानंतर नाव बदलून येसाजी कंक जलाशय झालं. येसाजी कंक त्याच पाण्याच्या काठच्या भुतोंड्याचे. मोसे नदीवरच्या वरसगावच्या पाण्याला वीर बाजी पासलकरांचं नाव, म्हणजे ज्यांच्या मोसे खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला त्यांचंच. पानशेतला तानाजीसागर म्हणतात. पानशेत म्हटलं की पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवतो, शहरात शिरलेलं पाणी आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. त्या पाण्यानं आधी कुणाची शेतं गिळली होती हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. आता वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय झालाय. मला नावाचा आनंद आहे, कानद खोऱ्यातल्या कुणालाही असेल. मात्र नाव देणं स्वस्तात पडतं हे मला धरणांनी शिकवलंय.

आता कबुलीचा उरलेला भाग.

त्या प्रकरणातल्या एका म्हाताऱ्या अर्जदाराला आपण तात्या म्हणू. कोर्टानं नुसतं झापलं नव्हतं, धरणग्रस्तांनी तीन महिन्यांत नव्यानं कागद द्यावेत आणि कार्यालयानं ते निकाली काढावेत असंही म्हटलं होतं. माझ्या बातमीत हे शेवटच्या परिच्छेदात होतं आणि डेस्कनं जागेसाठी शेवटचा परिच्छेदच कापला होता. वकिलाचा माणूस गावात सांगून गेला, काहींनी कागद दिले. तात्यांनी दिले नाहीत. त्यांनी पेपर वाचला होता. कार्यालयात गेले तर तिथल्या एकानं भिंतीवरच्या कात्रणाकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, बघा, कोर्टानंच शाबासकी दिलीय. तात्या उलट्या पावली घरी आले. मी खुलासा पाठवला होता. तो नवव्या दिवशी आतल्या पानावर, दोन ओळींत छापून आला. त्या दोन ओळी तात्यांपर्यंत पोचल्या नाहीत, आणि मीही त्यांच्या दारात जाऊन सांगितलं नाही. सत्तावीस किलोमीटर होतं फक्त. मोटारसायकलही होती माझ्याकडं. मी म्हटलं, खुलासा तर दिलाय. कॅव्हलियर मला बाहेर शोधायची गरजच नव्हती.

तात्या वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात वेल्ह्याच्या स्टँडवर त्यांचा मुलगा भेटला. आता तोही पन्नाशीकडं झुकलाय, पुण्यात सिक्युरिटीला आहे, मेंगाईच्या दर्शनाला आला होता. वडिलांच्या ट्रंकेतले कागद त्यानं एका फाइलीत लावलेत. त्यात माझं कात्रण होतं, घडीवर पिवळं पडलेलं. त्याला ते मी लिहिलंय हे ठाऊक नव्हतं. चहा घेता घेता मी सांगितलं. शब्दाचा अर्थ सांगितला, तीन महिन्यांचं सांगितलं, कापलेल्या परिच्छेदाचं सांगितलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे कोर्ट आमच्या बाजूनं होतं?”

म्हटलं, “होतं.”

“आन् तात्या मरेपर्यंत कोर्टाला शिव्या देत होते.”

मी काय बोलणार? त्यानंच पुढं विचारलं, “दादा, आता अर्ज करता येतोय का?”

मुदत कधीच उलटून गेलीय. विलंब माफीचा अर्ज करता येईल का, वारसाचं नाव लावून घ्यावं लागेल का, हे मी एका वकीलमित्राला विचारलंय. त्यानं कागद मागितलेत. सोमवारी मी आणि तात्यांचा मुलगा आधी कार्यालयात जातोय, मूळ अर्जाची आवक नोंद मिळते का बघायला. निकालाची प्रत सुदैवानं मी टाकून दिली नव्हती. तिच्या तीन झेरॉक्स काढल्यात आणि त्या वाक्याखाली पेनानं रेघ मारलीय. शेजारी समासात मराठी अर्थ लिहिलाय, यावेळी सगळे अर्थ वाचून.